८०व्या मिनिटानंतर कॉम्प्युटर रडीचा डाव खेळतोय, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. बेळगावहून, वडगावातून लिहितोय.

घरच्या जुन्या पीसीवर एक फुटबॉल गेम आहे. मी आणि माझा बारा वर्षांचा भाचा दोघं एकाच टीमकडून, समोर कॉम्प्युटर. काल त्यानं पॅड खाली ठेवला. "मामा, हा रडी खेळालाय. मी नाही खेळत." त्याला काय सांगावं ते सुचलं नाही, म्हणून हा धागा.

हरलो की असं वाटतंच, म्हणून वहीत नोंद ठेवली. वीस मॅचमध्ये आम्ही एका गोलनं पुढे असताना ८० मिनिटांनंतर नऊ वेळा गोल खाल्ला. आमचा हाफ ६ मिनिटांचा, म्हणजे शेवटची दहा मिनिटं घड्याळात जेमतेम ८० सेकंद. तेवढ्यात हे सगळं!

खऱ्या फुटबॉलमध्येही शेवटी गोल जास्त होतात हे मान्य, पाय थकतात. पण दोन्हीकडचे थकतात. भाचा लेले मैदानावर खेळतो, तिथं शेवटी सगळीच पोरं कमरेवर हात ठेवून उभी असतात. इथं समोरच्या विंगरची दमाची पट्टी पार लाल झालेली, मी ७५व्या मिनिटाला ताज्या दमाचा बॅक उतरवलेला, तरी तो विंगर चार ढांगांत त्याला मागे टाकतो. त्याच वेळी आमचा साधा पाच पावलांचा पास भलतीकडे जातो आणि गोलीच्या हातातला बॉल सुटतो.

रेसिंग गेममध्ये मागे पडलेल्या गाड्यांना आतून वेग देतात, त्याला रबर-बँडिंग म्हणतात, ते माहीत आहे. १९९३ च्या 'एनबीए जॅम' या बास्केटबॉल गेममध्ये तर डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध शिकागो बुल्सचे शेवटच्या क्षणीचे शॉट हुकावेत अशी सोय कोडमध्येच होती. बनवणारे मार्क टर्मेल पिस्टन्सचे चाहते, त्यांनीच नंतर ते सांगितलं. म्हणून शंका येते.

लेव्हल एक पायरी खाली आणली तर आम्ही ५-० नं जिंकतो, त्यात भाच्याला गोडी नाही. स्लायडर, म्हणजे वेग, पासची चूक वगैरे कमी-जास्त करायच्या सेटिंगमधल्या पट्ट्या, सगळे ५० वर होते. कॉम्प्युटरचा धावण्याचा वेग ४५ केला, तर पहिल्या हाफमध्ये ते रांगतात आणि ८० नंतर पुन्हा तेच.

वेगाऐवजी कॉम्प्युटरची पासची चूक वाढवून बघावी का? आमच्या पासची चूक कमी केली तर खेळ फार सोपा होईल का? आणि कॉम्प्युटर विरुद्ध कॉम्प्युटर मॅच लावून ही लबाडी पकडता येते का? कुणी करून बघितलं असेल तर किती मॅच लावल्या तेही सांगा.

पोरगं हरायला घाबरत नाही. रविवारी मैदानावर ४-० नं हरून हसत घरी आलं होतं. त्याला फक्त सरळ खेळणारा कॉम्प्युटर हवाय. तुमच्याकडे जमलेल्या सेटिंगचे आकडे असतील तर कृपया लिहा, आज रात्रीच लावून बघतो.