नमनाच्या मृदंगावर बागेतल्या राखणदाराचा मुलगा चालेल का?

सड्यावरचा:
मंडळी, गाव गुहागर तालुक्यात. नमन म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य. आमच्या मंडळातली निम्मी पोरं विरार-नालासोपाऱ्यात, उरलेली रिक्षावर. यंदा नवा वग बसवतोय. मुंबईला गिरणीत गेलेल्या आजोबांची गोष्ट, आमच्याच वाडीतली, सगळे संवाद बोलीतले. गण, गवळण, संकासुराचं सोंग नेहमीप्रमाणे.

अडलंय मृदंगावर. वाजवणारे काका थकले, बोटं वळत नाहीत. आणि दुसरा वाजवणारा समोर बसलाय: आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याचा मुलगा. बाकीचे गुरखे हंगाम संपला की मुलखाला जातात, हे कुटुंब बारमाही इथेच. पोरगा आमच्याच जिल्हा परिषद शाळेत शिकला, आता नववीत आहे. तालमीला देवळात कोपऱ्यात बसून असायचा. एका रात्री काकांनी त्याला कणीक मळायला सांगितली. त्याने ती मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावली, थाप मारली, कान दिला, कडेची जराशी नखाने खरवडली, परत थाप. काका म्हणाले, "ऱ्हाव दे आता, लागला." तेव्हापासून गवळणीला तोच वाजवतो, आणि नाचणारा चुकला तर त्याच्याकडे असा बघतो की बाप्याला लाज वाटावी.

आता दोन मानकऱ्यांचं म्हणणं, देवीचा मृदंग बाहेरच्याच्या हातात नको, गावची गोष्ट गावच्याच पोरांनी करावी. भांडायचं नाहीये, शिमग्यात पालखीला त्यांच्याच खांद्याला खांदा लावायचाय. कोणाकडे असं झालंय का?

संगमेश्वरी गडी:
दोन गोष्टींची खिचडी करू नका. फाकपंचमीपासून (फाल्गुन शुद्ध पंचमी) देवाचे खेळे, म्हणजे देवाच्या नावाने खेळ करत फिरणारे, निघतात, तिथे मान ठरलेला असतो, कोणी काय धरायचं ते गावकी ठरवते. स्टेजवरचं बहुरंगी नमन हा मंडळाचा कार्यक्रम. आमच्याकडे देवळातला मृदंग देवळातच राहतो, मंडळाचा वेगळा आहे. तसा घ्या, निम्मा वाद तिथेच मिटेल. आणि मानकऱ्यांना बैठकीत चारचौघांत हरवायला जाऊ नका. संध्याकाळी घरी जा, चहा घ्या, शुभारंभाचा नारळ त्यांच्याच हातून वाढवायचा असं सांगून या.

लालबागचा चाकरमानी:
हसू आलं हो. वग परमुलखात पोट भरायला गेलेल्यांवर, आणि वाजवायला परमुलखातला नको! माझे आजोबा लालबागला गाळ्यात राहायचे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी त्याच जागी. 1982 च्या संपानंतर गावी आले, तर इथे लोक त्यांना मरेपर्यंत 'मुंबयवाला' म्हणत. परळच्या दामोदर नाट्यगृहात आपलं नमन आणि जाखडी नाच बघत मी लहानाचा मोठा झालो. त्या मानकऱ्यांच्या घरातलंही कोणीतरी तिथे नाचलं असणार, विचारून बघा.

कुडाळचो:
दशावतारात ह्यो प्रश्न कोण काढणाच नाय. वालावलकर दशावतार मंडळ ओसरगावचा, पण वालावल कुडाळात नि ओसरगाव कणकवलीत. आमचे संवाद लिवलेले नसतत. समोरचो काय बोलता ता ऐकान उत्तर देवचा, आणि पखवाजवाल्यान दोघांकय सांभाळूचा. असो वाजवणारो गावलो तर तेचो मूळ गाव कोण इचारता? पण माका एक सांगा, पोराच्या बापाशीक काय वाटता? आंब्याच्या दिसात रात्रीची राखण असता, पोर मृदंगावर बसलो तर बागेत कोण?

सड्यावरचा:
कुडाळकर, बापाशी बोलणं झालंय. तालमीला सोडतो म्हणाला, पण प्रयोगाच्या रात्री बाग उघडी टाकणार नाही. त्या रात्री आमच्यातली दोघं बॅटरी घेऊन राखणीला जाणार, बागमालकाची ना नाही. आई मात्र प्रयोग बघायला येणार आहे, तिने आधीच सांगून ठेवलंय.

काल एका मानकऱ्यांकडे जाऊन आलो. "स्टेजवर वाजवू दे, सहाणेवर (पालखी बसते तिथे) नको," एवढ्यावर आले. मला स्वतःला हे अर्धंच वाटतं, पण यंदा एवढ्यावर घेतोय. दुसरे अजून बोलत नाहीत. त्यांच्याकडे लालबागचा मुद्दा काढतो, त्यांचे वडील खरंच गिरणीत होते.

मंडळाचा एक जुना मृदंग माळ्यावर सापडलाय, खोड चांगलं आहे, पण धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, पुडी (कातडं) फाटलीय. चिपळूण-गुहागरकडे पुडी बदलून देणारं कोणी माहीत असेल तर कळवा, तालीम खोळंबलीय.