मदत हवी आहे: आयसीयूतला व्हीटीचा (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा) अलार्म खरा की खोटा, नाडीच्या तरंगावरून कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, वैद्यकातलं ज्ञान वाचीव. आयसीयूतल्या मॉनिटरचे खोटे अलार्म सिग्नल प्रोसेसिंगने ओळखायचे, असा एमटेकचा प्रकल्प आहे. फिजिओनेट या वैद्यकीय सिग्नलच्या खुल्या संग्रहाच्या २०१५ च्या स्पर्धेतला (चॅलेंज) डेटा घेतलाय: ७५० नोंदी, २५० हर्ट्झ, ईसीजीच्या दोन लीड (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या रेघा) आणि जोडीला धमनीतल्या रक्तदाबाचा किंवा बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरचा तरंग, म्हणजे पीपीजी. काही नोंदींत दोन्ही. अलार्म पाचव्या मिनिटाला वाजतो आणि तो खरा होता की नाही, हे तज्ज्ञांनी ठरवून दिलेलं आहे.

असिस्टोलचं, म्हणजे हृदय थांबल्याच्या अलार्मचं, गणित जमलं. ४ सेकंद क्यूआरएस (ईसीजीवर प्रत्येक ठोक्याला उमटणारा टोकदार आकार) दिसला नाही की अलार्म होतो. पण ईसीजीची रेघ सपाट असताना खाली दाबाचे ठोके नेहमीसारखे पडत असतील, तर इलेक्ट्रोड सुटलाय हे उघड आहे.

गाडी अडलीय ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियावर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या जलद ठोक्यांवर. मिनिटाला १०० पेक्षा जास्त गतीने सलग ५ किंवा अधिक व्हेंट्रिक्युलर ठोके, ही तिथली व्याख्या. ‘नाडी आहे, म्हणजे अलार्म खोटा’ हा नियम इथे लावला की खरे अलार्मही गप्प होतात, आणि खरा अलार्म दाबल्याची शिक्षा गुणांकनात पाचपट आहे. नियम सैल केला की खोटे सगळे परत हजर! क्यूआरएस शोधायच्या पॅन-टॉम्पकिन्स पद्धतीचा ५ ते १५ हर्ट्झचा फिल्टर वापरतोय, त्यात हे रुंद ठोके नीट पकडलेही जात नाहीत. ‘डीप लर्निंग लाव’ एवढंच कृपया सांगू नका. खरे व्हीटी मुळात थोडे आहेत, आणि अलार्म का दाबला हे मला मार्गदर्शकांना दाखवावं लागतं.

प्रतिसाद – रात्रपाळी

आयसीयूत काम करते, म्हणून लिहिते. व्हीटीत नाडी असू शकते. नाडीसह आणि नाडीविना, असे दोन प्रकार आम्ही धरतो आणि दोन्हींचे उपचारही वेगळे. त्यामुळे नाडी ‘बदलली का’ ते बघा. अलार्मच्या आधीचं शांत मिनिट घ्या आणि शेवटचे १० सेकंद त्याच्याशी ताडून पाहा. खऱ्या व्हीटीत हृदयाला भरायला वेळ मिळत नाही, त्यामुळे दाबाच्या ठोक्यांची उंची बहुधा घटते, लहान-मोठी होते, लय मोडते. ईसीजी १६० म्हणतोय, पण दाबाचे ठोके मघाच्याच उंचीने आणि मघाच्याच लयीत ८० ने चाललेत? मग कोणीतरी रुग्णाला कुशीवर वळवत असेल, नाहीतर त्याचे दात घासत असेल. हो, दात घासताना पडद्यावर हुबेहूब व्हीटी उमटतो.

तुमच्या असिस्टोलच्या नियमालाही एक भोक आहे. सीपीआर चालू असताना छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब पडतात आणि धमनीच्या तरंगात त्यांचेही ठोके दिसतात. उलट, धमनीच्या लाइनमधून रक्ताचा नमुना घेताना तरंग सपाट होतो आणि रुग्ण ठणठणीत असतो.

प्रतिसाद – नायक्विस्ट

वरच्या मुद्द्याला दुजोरा. रुंद ठोक्यांसाठी फिल्टरची खालची मर्यादा १ हर्ट्झच्या आसपास आणा आणि त्याच रुग्णाच्या शांत मिनिटातल्या सरासरी क्यूआरएसशी प्रत्येक ठोक्याचा सहसंबंध काढा. दोन्ही लीडमध्ये आकार एकाच वेळी बदलला तर दखल घ्या. एकाच लीडमध्ये बदलला तर आधी इलेक्ट्रोडवर संशय.

आणखी एक: पूर्ण नोंदीवर पुढून-मागून फिल्टर चालवत असाल तर थांबा. काही नोंदींत अलार्मनंतरचे ३० सेकंदही आहेत, ते अलार्मआधीच्या भागात झिरपतात. खाटेजवळच्या मॉनिटरला पुढचं दिसत नसतं.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. शांत मिनिटाशी तुलना आजच लावतो. शेवटची शंका: नुसता पीपीजी असेल तिथेही हाच नियम चालेल?

प्रतिसाद – रात्रपाळी

जपून. बोटं थंड असली किंवा रक्तदाब वाढवणारं औषध जोरात चालू असलं की पीपीजी आधीच मलूल असतो, आणि बोट हललं तरी नाडीसारखे ठोके दिसतात. शांत मिनिटातच तरंग धड नसेल, तर त्याला साक्षीला घेऊ नका. तिथे अलार्म वाजू द्या.