डबल केबिन पिकअप घ्यायचीये, टोमॅटो पण न्यायचे आणि घरच्यांना पण. सल्ला द्या

क्रेटवाला_जुन्नर:
मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. नारायणगावपासून ८ किलोमीटरवर आमची शेती, दीड एकर टोमॅटो आणि थोडा कांदा. मी पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्री गावी, रविवारी रात्री परत. घरात पाच माणसं. आत्ता एक जुनी हॅचबॅक आहे, तिच्या डिकीत खताच्या गोण्या टाकून टाकून मागून पार बसलीये, आणि मार्केटला माल न्यायला गावातल्याच एकाची पिकअप भाड्याने. तोडे जोरात सुरू झाले की तो फोनच उचलत नाही. म्हणून डोक्यात डबल केबिन आहे, म्हणजे मागे पण सीट आणि त्याच्यामागे माल भरायला हौदा. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धाची क्रू कॅब (तीच डबल केबिन), नाहीतर सेकंडहँड इसुझु व्ही-क्रॉस. टोयोटाची हायलक्स पण बघून आलो, दार उघडलं, बसलो, किंमत विचारली, दार लावलं. बजेट १२, ताणून १५. अण्णा म्हणतात सिंगल केबिन घे आणि गप बस. काय करू?

पाटे_बदलून_थकलो:
आधी हे सांग, एका तोड्याला किती क्रेट निघतात? त्याच्याशिवाय सगळ्या गप्पा हवेत. मोठ्या गाडीच्या नादात लोक हिशोबच करत नाहीत.

क्रेटवाला_जुन्नर:
सुरुवातीला ३०-४०. भरात असताना ८० च्या आसपास. एक दिवसाआड तोडा.

पाटे_बदलून_थकलो:
मग बघ. २० किलोचं क्रेट धरलं तर ८० क्रेटचे १६०० किलो, वर रिकाम्या क्रेटचं वजन दीड-पावणेदोन किलो प्रत्येकी, म्हणजे १७०० च्या वर गेलास. कॅम्परचा पेलोड, म्हणजे माल न्यायची क्षमता, १ टन. म्हणजे भरातला तोडा तिला एका खेपेत झेपणार नाही, आणि झेपवलास तर पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) माझ्याकडून घेऊन जा, घरी ढीग पडलाय. अण्णा बरोबर बोलतायत, १.७ टनवाल्या सिंगल केबिनला ९ फुटी हौदा मिळतो, तुझं जवळपास सगळं एका खेपेत. पण मग आई-अण्णांना घेऊन जेजुरीला जायचं तर तीन माणसं पुढे आणि बाकीचे एसटीने.
आणि एक, वजनात बसलं म्हणून जागेत बसेलच असं नाही. शोरूमला जाताना रिकामी क्रेट सोबत ने. लाजू नको.

ओतूरची_लेक:
मी स्वतः सिंगल केबिन बोलेरो पिकअप चालवते, सहा वर्षं झाली, त्यामुळे अनुभवातून सांगते. मार्केट ८ किलोमीटरवर आहे ना तुमचं? मग दोन खेपांना एवढं काय घाबरायचं. दुसरी खेप भरायला तासभर लागतोच, तोपर्यंत पहिली टाकून येता येतं. एका खेपेचा हट्ट वाशीला माल पाठवणाऱ्याने धरावा. वर्षातले भराचे दिवस किती, महिना-दीड महिना. बाकीचे दहा महिने त्या ९ फुटी हौद्यात काय नेणार? माझ्याच गाडीत निम्मं वर्ष एक स्टेपनी आणि कुत्रं असतं.
रिकामी पिकअप पावसात जपून चालवा हे मात्र कुणी सांगत नाही. मागच्या चाकांवर वजन नाही, ओढ मागच्याच चाकांना, ओल्या डांबरावर वळणात ब्रेक मारला की मागची बाजू पुढे यायला बघते. माळशेजला एकदा अशी फिरली की दरीकडून कातळाकडे तोंड झालं, नशीब समोरून कुणी नव्हतं. तेव्हापासून पावसाळाभर वाळूच्या चार गोण्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर. फालक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ, ठेवू नका, तिथं ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात.

पिवळी_प्लेट:
कागदांचं कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो.
कॅम्पर, योद्धा या मालवाहू म्हणून पासिंग होतात, पिवळी प्लेट. पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. व्ही-क्रॉस, हायलक्स पांढऱ्या प्लेटवर खाजगी मिळतात, तो कटकटीचा भाग वाचतो, पण त्या गाडीने दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा नाही. शेजाऱ्याचे टोमॅटो नेले आणि डिझेलला म्हणून ५०० रुपये घेतले की ते भाडंच झालं.
लायसन्सची भीती नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंय की एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, वेगळा बॅज लागत नाही. यातली कुठलीच त्याच्या जवळपास पण जात नाही.
जुन्या धाग्यांतल्या किमती धरू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. ताजं कोटेशन घ्या.
आणि हौद्यात माणसं बसवू नका. तोडणीच्या बायका बसतात, सगळेच बसवतात, मला माहितीये. काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिला हाच प्रश्न विचारतात.

घाटातला_बंड्या:
व्ही-क्रॉस आहे माझ्याकडे, फोर बाय फोर, २.५ लिटरवाली. २०१६ ला भारतात आली तेव्हापासून डोळा होता, शेवटी २०१८ ला घेतली. गाडीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुतलेला तिने टोचन लावून काढलाय, व्हिडिओ आहे, बायको म्हणते लग्नाचा पण इतक्यांदा बघितला नाहीस.
पण तुला ती नको.
एक म्हणजे तू पुण्यात सोसायटीत राहतोस. तिथली पार्किंगची जागा साधारण ५ मीटर लांब, आणि या गाड्या ५.३ मीटरच्या आसपास. नाक भिंतीला टेकवलं तरी मागचा फूटभर रस्त्यात. माझ्या हुकला शेजारच्या काकांचं धोतर अडकलेलं एकदा, अजून बोलत नाहीत. दुसरं, पांढऱ्या प्लेटची व्ही-क्रॉस ही हौसेची गाडी आहे, पेलोडचा आकडा ब्रोशरमध्ये बघ, कॅम्परपेक्षा बराच कमी. टनभर माल तिच्यात भरायचा म्हणजे पैठणी नेसून शेण काढण्यातला प्रकार. तिसरं, मागे पाटेच आहेत बरं का, हायलक्सला पण. लोकांना वाटतं महाग गाडी म्हणजे गादी. रिकामी असेल तर खड्ड्याला मागच्या सीटवरचा माणूस छताला सलाम करतो.

ताडपत्री:
सेकंडहँडचं माझ्याकडून ऐक. दिल्लीकडे डिझेल गाडीला दहा वर्षं होत आली की लोक विकायला काढतात, इकडच्यापेक्षा दोन-तीन लाख स्वस्त दिसते. मी पण फसलो, एका दलालाकडून डबल केबिन घेतली, गाडी कुठली ते सांगत नाही कारण गाडीचा दोष नव्हता. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत) आली, मग इथला टॅक्स भरायला गेलो तर वाचलेले अर्धे पैसे तिथेच गेले. परराज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर इथे चालवायची तर नंबर बदलावाच लागतो. उरलेले अर्धे चेसिसमध्ये गेले. हौद्याला वरून नवा काळा रंग मारलेला, खाली गंजून चाळण. तेव्हा हौद्यातलं मॅट उचलून बघ, नंतर खाली झोपून बॅटरीने बघ, आणि पाटे जिथं चेसिसला अडकतात ती जागा नखाने खरवडून बघ. विकणारा तोंड वाकडं करत असेल तर चहा पिऊन निघ.

दोनशेसहा_काका:
तुम्ही पोरं आता आलात. आमच्या वेळी डबल केबिन म्हणजे पुढे तिघं आणि हौद्यात सतरा. १९८८ ला टाटामोबाईल २०६ आली तेव्हा माझे मोठे भाऊ पिंपरीला कामाला होते, गल्लीत पहिली बघितली तेव्हा ही कार आहे का टेम्पो यावर दोन दिवस वाद. नंतर त्याच गाडीवरून सिएरा आणि इस्टेट निघाली हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. असो. विषय योद्धाचा. कॅम्पर २.५ लिटर आणि ७५ एचपी, योद्धा २.२ लिटर आणि १०० एचपी, चढाला फरक कळतो. दोन्ही भरून चालवून बघ, रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे साखरपुड्यातला स्वभाव.

ह्यूस्टनकर:
मी एफ-१५० वाला. इकडे पिकअपमध्ये एकटा माणूस बसून ऑफिसला जातो आणि हौद्यात कॉफीचा रिकामा कप असतो, तुमचा ८० क्रेटचा हिशोब वाचून माझीच मला लाज वाटली. सल्ला काही नाही, धागा आवडला एवढंच.

पाटे_बदलून_थकलो:
@ह्यूस्टनकर कांदे भर एकदा, गाडीचं पाप फिटेल.

क्रेटवाला_जुन्नर:
सगळ्यांना एकदमच सांगतो. शनिवारी अण्णांना घेऊन गेलो, सोबत बारा रिकामी क्रेट. शोरूमवाला पोरगा आधी हसला, मग स्वतःच लावू लागला. कॅम्परमध्ये तळाच्या थरात आठ बसली, नवव्याला चाकाची कमान आडवी येते. वरच्या थरांना एखाद-दुसरं जास्त बसेल. म्हणजे पाच थर लावून, दोरी मारून चाळीसेक, आणि वजन पण टनात राहतंय. भराच्या दिवसांत दोन खेपा. ताईंचं म्हणणं पटलं.
योद्धा पण चालवली, चढाला खरंच भारी, पण आमच्या बाजारपेठेच्या गावात बोलेरोचं काम करणारे पाच मेकॅनिक आहेत आणि त्यातला एक माझा वर्गमित्र.
अण्णा मागच्या सीटवर बसले, काहीच बोलले नाहीत, पाय लांब करून बघितले, खिडकी खालीवर केली. मग उतरून हौद्याजवळ गेले आणि फालका दहा वेळा उघडून लावून बघितला. घरी आल्यावर आईला म्हणाले, घेतोय बरं का आपण. बुकिंग केलं, पांढरा रंग. व्ही-क्रॉसचा फोटो मोबाईलच्या वॉलपेपरवर राहू देतो.

ओतूरची_लेक:
अभिनंदन! पहिल्या आठवड्यातच एक काम करा. फालका उघडला की त्याच्या साखळ्या कडेच्या क्रेटला घासतात आणि क्रेटचे कान तुटतात, आडते तेवढ्यावरून कटकट करतात. साखळीवर रबरी नळी चढवून घ्या.

क्रेटवाला_जुन्नर:
ठिबकची जुनी नळी पडलीये घरात, तीच कापतो.