१७७५-७६ चे ब्रिटिश अंक: घेताना काय तपासावं आणि ठाण्याच्या दमट हवेत कसे टिकवावेत?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या बातम्या छापणारे त्या काळचे इंग्लंडमधले मूळ अंक जमवायला सुरुवात करायची आहे. सध्या दोनच घटना डोक्यात आहेत: लेक्सिंग्टनची चकमक (१९ एप्रिल १७७५) आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा (४ जुलै १७७६). परदेशातल्या एका विक्रेत्याकडे 'लंडन क्रॉनिकल'चा जुलै १७७६ चा अंक आहे. 'जाहीरनाम्याच्या महिन्यातला अंक' असं वर्णन आहे आणि भाव चांगलाच चढा आहे. घ्यावा का? अस्सल आहे की नंतरची नक्कल, हे फोटोवरून कसं ओळखायचं? कस्टममध्ये काय सांगायचं? आणि घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात हा कागद टिकेल का?

जुनापाना

तो जुलैचा अंक त्या भावाला अजिबात घेऊ नका. बातमी जहाजाने यायची. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून लंडनला पोचायला साधारण पाच-सहा आठवडे लागत. त्यामुळे जुलै १७७६ मध्ये छापलेल्या लंडनच्या कुठल्याही अंकात जाहीरनामा असूच शकत नाही. 'क्रॉनिकल'मध्ये तो १५ ते १७ ऑगस्ट १७७६ च्या अंकात आहे. हे पत्र आठवड्यातून तीनदा निघे आणि मथळ्यावर 'अमुक वारापासून तमुक वारापर्यंत' अशी तारीख असे, म्हणजे अंक बाहेर पडायचा तो शेवटच्या वारी.

'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑगस्ट १७७६ च्या अंकातही जाहीरनामा आहे. मासिकाचा अंक त्या महिन्याच्या शेवटी बंद होऊन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला हाती पडे. हे मासिक १७३१ ला सुरू झालं, म्हणून १७७६ चा खंड ४६ वा. विक्रेत्याने खंडाचा आकडा वेगळा लिहिला असेल तर तिथेच थांबा.

लेक्सिंग्टनचा घोळ जास्त मजेदार आहे. अमेरिकी बंडखोरांनी तिथल्या सेलम बंदरातून कॅप्टन जॉन डर्बीला 'क्वेरो' नावाच्या छोट्या जहाजातून त्यांच्या बाजूची शपथपत्रं आणि सेलमचं वर्तमानपत्र देऊन पाठवलं. तो मे १७७५ च्या अखेरीस लंडनला पोचला. बोस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेज याचा सरकारी अहवाल त्याच्या आधी निघूनही जवळजवळ दोन आठवडे मागे राहिला. त्यामुळे ३० मेच्या सुमाराच्या खासगी वर्तमानपत्रांत अमेरिकी बाजूची हकिगत आहे, 'लंडन गॅझेट' या सरकारी पत्रात सरकारने 'आमच्याकडे अजून काही खबर आलेली नाही' असं निवेदन दिलंय, आणि गेजचा अहवाल गॅझेटमध्ये १० जूनला आला. एकच अंक घ्यायचा तर मी १० जूनचा गॅझेट सुचवेन. पण त्या 'खबर नाही'वाल्या निवेदनाचा अंक स्वस्तात मिळाला तर आधी तो उचला. विक्रेते बऱ्याचदा त्याच्याकडे लक्षच देत नाहीत.

पुढे यॉर्कटाउनचा अंक घ्यायचा झाला तर: तिथली ब्रिटिश फौजेची शरणागती १९ ऑक्टोबर १७८१ ची, लंडनला कळलं २५ नोव्हेंबरला. ऑक्टोबरचा अंक दाखवणाऱ्यांपासून लांब राहा.

पहिल्या पानावर बातमी नाही म्हणून नाराज होऊ नका. त्या काळी पहिलं पान जाहिरातींनी किंवा किरकोळ मजकुराने भरलेलं असे. मोठी बातमी आत चौथ्या-पाचव्या पानावर, मोठ्या मथळ्याशिवाय, दोन जाहिरातींच्या मध्ये बसलेली असू शकते. भाव ठरतो तो मजकूर पूर्ण आहे की नुसता उल्लेख, यावर. म्हणून 'अमेरिकेविषयी बातम्या आहेत' एवढ्या वर्णनावर पैसे देऊ नयेत. त्या रकान्याचा वाचता येईल असा फोटो मागावा.

खिळेजुळारी

अस्सलपणाबद्दल. विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: पूर्ण पहिलं पान, उजेडासमोर धरलेलं एक पान, घडीकडची डावी कड, आणि एका ओळीचा अगदी जवळून काढलेला.

उजेडासमोर धरल्यावर हातकागदात बारीक जवळजवळ रेघा आणि त्यांना काटकोनात सुमारे अडीच सेंटीमीटर अंतराने ठळक रेघा दिसतात. त्या साच्याच्या तारांच्या खुणा. हा कागद सुती-तागी चिंध्यांचा, म्हणून अडीचशे वर्षांनीही लवचीक असतो. लाकडाच्या लगद्याचा वर्तमानपत्री कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. १७७६ चा अंक पापडासारखा कडकड मोडत असेल तर संशय घ्यायलाच हवा.

जवळच्या फोटोत अक्षराच्या कडेला शाई किंचित दाबून बाहेर सरकलेली दिसली पाहिजे. खिळ्यांची (धातूच्या सुट्या अक्षरांची) छपाई दाबाने होते, त्यामुळे मागच्या बाजूने बोट फिरवलं की अक्षरांचा उठाव लागतो. नक्कल ऑफसेटची (आजच्या सपाट छपाईची) असेल तर पान सपाट लागतं, आणि दहापट भिंगाखाली कागदाचे जुने डागसुद्धा ठिपक्यांनी बनलेले दिसतात. डागच छापलेला, म्हणजे विषय संपला. अंक हातात आल्यावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा: चिंध्यांचा कागद मळकट दिसतो, आधुनिक पांढरा कागद निळसर चमकतो.

लाल शिक्का पाहा. वर्तमानपत्रावर सरकारी मुद्रांक कर होता, १७७६ मध्ये तो दीड पेनी झाला आणि १७८९ ला दोन. शिक्का कोऱ्या कागदावर आधी मारून मग छपाई होई, म्हणून अक्षरं शिक्क्याच्या वर आलेली दिसतात. उलटं दिसलं तर जपून. मासिकांवर हा शिक्का नसतो, तिथे शोधू नका.

डाव्या कडेला सुईची भोकं किंवा डिंकाचा माग असेल तर तो दोष समजू नका. टिकलेले बहुतेक अंक बांधीव खंडांतून सुटे केलेले असतात. खरा दोष म्हणजे बांधणाऱ्याने कड इतकी कापली की मजकूर गेला, किंवा पान गायब. 'क्रॉनिकल'चा अंक आठ पानी असतो आणि पृष्ठांक खंडभर सलग चालतात, म्हणून सलग आठ आकडे मोजून घ्या. 'जेंटलमन्स'मध्ये नकाशे आणि चित्रं काढून वेगळी विकण्याची जुनी खोड आहे, तेव्हा 'चित्रांसह पूर्ण' असं लेखी घ्या.

नकलांचं पीक मुख्यतः गाजलेल्या तारखांचं: 'टाइम्स'चे ट्राफल्गारचा ७ नोव्हेंबर १८०५ आणि वॉटर्लूचा २२ जून १८१५ हे अंक, आणि अमेरिकी पत्रांत 'अल्स्टर काउंटी गॅझेट'चा ४ जानेवारी १८००. १७७५-७६ च्या ब्रिटिश अंकांत फसवणूक होते ती जास्त करून तारखेची, वर जुनापानांनी सांगितली तशी.

बेलापूर_सेक्टर११

कस्टमचं थोडक्यात. टपालाने आलं तर पाकीट बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक कार्यालयातून जातं, कुरियरने आलं तर केवायसीची कागदपत्रं आधी अपलोड करावी लागतात. विक्रेत्याला 'भेटवस्तू' लिहायला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून शुल्कमाफी नाही (राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून), आणि किंमत कमी लिहिली तर हरवल्यावर विम्याचेही पैसे तेवढेच मिळतात. घोषणापत्रावर 'मूळ छापील वर्तमानपत्र, साल १७७५, शंभर वर्षांहून जुनं' असं स्पष्ट हवं, म्हणजे वर्गीकरण कस्टमच्या यादीतल्या ९७०६ (जुन्या पुरावस्तू) या शीर्षकात होतं. त्यात २५० वर्षांहून जुन्या वस्तूंचं उपशीर्षक वेगळं आहे, आणि तुमचे अंक नेमके त्या सीमेवर आहेत. म्हणून साल अचूक लिहून घ्या. दर बदलत राहतात, मागवण्याच्या आठवड्यात आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर पाहा.

आयातीची पावती जन्मभर जपा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तूंना परदेशी पाठवण्यावर बंधनं आहेत. उद्या विकून परत बाहेर पाठवायची वेळ आली तर ही वस्तू बाहेरून आली होती, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.

खाडीकाठ_कळवा

टिकेल का? टिकेल, पण लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून नाही. जून ते सप्टेंबर ठाण्यात घरातली आर्द्रताही ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ६५ च्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते. लक्ष्य ४५ ते ५५ ठेवा.

खोली सुकवत बसण्यापेक्षा डबा सुकवा. रबरी कड असलेला, क्लिपच्या झाकणाचा १५-२० लिटरचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत आम्लरहित पुठ्ठा, अंक आडवे, १५०-२०० ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत (कागदाला टेकवू नका) आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). नारंगी दाणे घ्या. हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. आकडा ३५ च्या खाली गेला तर निम्मं जेल काढून घ्या.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, रबडी होईल इतकंच पाणी घाला, झिपच्या पिशवीत हायग्रोमीटरसोबत आठ-दहा तास बंद ठेवा. ७५ दाखवायला हवं. ८० दाखवलं तर पुढे पाच वजा करून वाचा.

पाकिटं पॉलिएस्टर फिल्मची, ७५ ते १०० मायक्रॉन, दोनच बाजू बंद. पीव्हीसी नको, त्यातलं मऊ ठेवणारं रसायन शाई ओढतं. दुकानदार सगळ्यालाच 'मायलर' म्हणतो, त्यामुळे तपासा: तापलेली तांब्याची तार फिल्मच्या तुकड्याला टेकवून परत ज्योतीत धरा, हिरवी ज्योत आली तर पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा.

नवा अंक आला की आधी वेगळा ठेवा. कसर दिसली तर बंद पिशवीत उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस न उघडता ठेवा, नाहीतर घाम सुटून कागद भिजेल. फाटक्या जागी सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नाही. गव्हाची खळ उत्तम, पण इथे कसरीला मेजवानी होते, म्हणून जपानी टिश्यू (पातळ कागद) आणि चिकटवायला मिथाइल सेल्युलोज.

घोडबंदरकर

आभार, जुलैचा अंक रद्द. गॅझेटचा अंक फ्रेम करून दिवाणखान्यात लावला तर चालेल का?

खाडीकाठ_कळवा

फ्रेममध्ये रंगीत स्कॅनची प्रत लावा, मूळ डब्यात. अतिनील रोखणारी काच घेतली तरी दृश्य उजेडाने लाल शिक्का फिका पडतो, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं.

जुनापाना

एक आगाऊ सल्ला, ठाणेकर म्हणून. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस घेतला. त्या वेढ्यात त्यांचा कमोडोर वॉटसन मारला गेला. हिंदुस्थानची डाक लंडनला पोचायला कित्येक महिने घेई, म्हणून ती बातमी १७७५ च्या मधल्या महिन्यांतल्या अंकांत शोधा, म्हणजे लेक्सिंग्टन आणि बंकर हिल या अमेरिकेतल्या लढायांच्या बातम्यांच्या शेजारी. अमेरिकेच्या नावाने विकणारे अशा ओळींचा भाव लावत नाहीत. 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह'वर किंवा बर्नी संग्रहात (जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्रांचा संग्रह) शोधताना आजचं स्पेलिंग टाकू नका. 'टान्ना' (ठाणे) आणि 'साल्सेट' (साष्टी) इंग्रजीत टाका. त्यातही शब्दाच्या मधला लांब 'एस' यंत्र 'एफ' वाचतं, त्यामुळे 'सालफेट' असाही एक शोध मारा. बोस्टनसाठी 'बोफ्टन'.