मदत हवी आहे: को-ऑर्डिनेट बाँडमध्ये प्लस भलत्याच अणूवर येतोय

घाईतला_ठिपका: व्याख्या पाठ आहे, कृपया ती परत लिहू नका. एक अणू लोन पेअर (बंधात नसलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) देतो, दुसरा घेतो, कळलं. पण इलेक्ट्रॉनांचे ठिपके मांडले की देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाणारा बाण माझा उलटा येतो आणि उत्तरात प्लस भार भलत्यालाच. असं का? उद्या सकाळी चाचणी आहे, लवकर सांगा.

खडूस मास्तर: रेणू कोणता?

निळी शाई: अमोनियमच असणार, दुसरं काय विचारतात! नायट्रोजनचे बाहेरचे पाच इलेक्ट्रॉन. तीन हायड्रोजनांसोबतच्या भागीदारीत गेले, एक जोडी उरली. हायड्रोजन आयनाकडे इलेक्ट्रॉनच नाही, नुसती रिकामी कक्षा. नायट्रोजनने जोडी तिथे दिली, बंध झाला. प्लस अख्ख्या आयनाचा, चौकटी कंसाबाहेर लिहायचा. विषय संपला.

घाईतला_ठिपका: अमोनियम नाहीये. ते येतं मला.

बंडूनाना: सोपं करून सांगतो. घर दोघांच्या नावावर, पैसे मात्र एकाचेच.

निरुपद्रवी: नाना, घराचे पैसे कोणी भरले ते कागदपत्रांत सापडतं. इथे नाही सापडत. अमोनियममधले चारही बंध सारख्याच लांबीचे, कोन सगळे १०९.५ अंशांचे. त्यातला मागून आलेला हायड्रोजन कोणता, ओळखून दाखवा. एकदा जुळला की तो साधा सहसंयुज (भागीदारीचा) बंधच. बाण काढूच नये या मताचा मी आहे.

निळी शाई: आणि गुण कापले गेले की तुम्ही भरून देणार? अमोनिया आणि बोरॉन ट्रायफ्लुओराइड घ्या. बोरॉनकडे सहाच इलेक्ट्रॉन, रेणू सपाट, १२० अंशांचा. नायट्रोजनची जोडी आली की तिन्ही फ्लुओरिन मागे वाकतात. कोणी दिलं, कोणी घेतलं, लख्ख दिसतं. बाण हवाच.

वाचनमात्र: अवांतर: मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घालत राहा. आधी फिकट निळा साका येतो, मग तो विरघळून गर्द निळं द्रावण होतं. तांब्याभोवती चार अमोनिया, चौघांच्याही जोड्या तांब्याकडे. अशाच संयुगांवर काम करणाऱ्या वेर्नरला १९१३ चं नोबेल मिळालं.

खडूस मास्तर: धागाकर्ते रेणू सांगेपर्यंत आणखी दोन-चार नोबेल वाटून होतील.

घाईतला_ठिपका: कार्बन मोनॉक्साइड हो! मला वाटलं कळेल. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन एवढे ओढणारा, तरी प्लस त्याच्यावर?

खडूस मास्तर: आता कसं! कार्बनचे ४, ऑक्सिजनचे ६, एकूण १० ठिपके. आधी दुहेरी बंध काढा. ऑक्सिजनचं अष्टक (बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन) पुरं होतं, कार्बनकडे मात्र सहाच राहतात. म्हणून ऑक्सिजन आपली एक जोडी देतो आणि बाण कार्बनकडे जातो. कार्बनवरही एक जोडी दिसते, म्हणून तुम्ही त्यालाच दाता धरलंत. ती जोडी बंधात येतच नाही.

आता भार. बंधातली प्रत्येक जोडी निम्मी-निम्मी वाटा. कार्बनला बंधातले ३ आणि स्वतःचे २, झाले ५. मूळचे ४, म्हणून मायनस १. ऑक्सिजनकडेही ५, पण मूळचे ६, म्हणून प्लस १. कोण किती ओढतो हे या हिशेबात धरलेलंच नाही.

निरुपद्रवी: तेच म्हणतोय, कागदी भार! प्रत्यक्षात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे ते बरेचसे फिटतात. डायपोल मोमेंट, म्हणजे रेणूची दोन टोकं किती धन-ऋण आहेत त्याचं माप, जेमतेम ०.१ डिबाय. मात्र जे काही ऋण टोक उरतं ते कार्बनचंच.

वाचनमात्र: सहमत. हिमोग्लोबिनमधल्या लोहालाही हा रेणू कार्बनच्याच बाजूने चिकटतो.

बंडूनाना: मिठात सोडियम इलेक्ट्रॉन कायमचा देऊन टाकतो, तेही लक्षात ठेवा.

निळी शाई: नाना, मीठ कोणी विचारलंय?

घाईतला_ठिपका: म्हणजे आधी दुहेरी, मग कमी कोणाकडे ते बघून बाण. जमलं! ओझोनलाही असंच का?

खडूस मास्तर: हो, तिथे मधला ऑक्सिजन देतो. अठरा ठिपके मांडून चित्र टाका, मग बघू.