अनुभव धागा: कारखान्यातलं फुकटचं मेडिकल

जुना_मोल्डर
समोर नवीन इमारतीचं काम चाललंय. आज तिथे मजुरांच्या तपासणीची गाडी आली होती. वजन, बीपी, बोटातून रक्त, चला पुढचा. माझा चहा संपायच्या आत अख्खी रांग निकालात. ते बघून आमच्या फाउंड्रीतलं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातलं, वर्षाचं मेडिकल आठवलं.

आमच्याकडे एक्स-रेची गाडी गेटच्या आत यायची. शर्ट काढा, छाती चिकटवा, श्वास धरा, सोडा. मग फुफ्फुसाची ताकद बघायला फुंकायची टेस्ट. ती घेणारा पोरगा "जोरात! अजून! अजून! सोडू नका!" असा ओरडायचा की बाहेरच्याला वाटावं आत बाळंतपण चाललंय. फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारे, मुद्दाम शेवटी जायचे. फुंकल्यावर त्यांना खोकल्याची ढास लागायची, मग रांगेतले फिदीफिदी हसायचे.

रिपोर्ट कुणाच्या हातात पडला नाही. ऑफिसातून निरोप यायचा, "सगळे फिट." फेटलिंगमधला एक जण असाच दरवर्षी फिट. नोकरी सुटल्यावर दम लागायला लागला, टीबी म्हणून औषधं झाली, कोर्स संपला, दम तसाच. मग छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करत होता?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. सिलिकोसिस निघाला. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसते, ती निघत नाही, आणि काम सोडलं तरी आजार पुढे सरकू शकतो. शिवाय अशा छातीला टीबीही लवकर धरतो, त्यामुळे गोंधळ होतोच. जुने एक्स-रे असते तर कधीपासून सुरू झालं ते दिसलं असतं. ते कंपनीत राहिले, आणि कंपनी आता जागेवर नाही.

तुमचं मेडिकल कसं झालं लिहा. कागद मिळाला का हेही लिहा.

नाईटशिफ्टवाली
कागद? हाहाहा. आमची कानाची टेस्ट कँटीनशेजारच्या खोलीत, भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर. "बीप ऐकू आली की बटण दाबा." मी कॉम्प्रेसरच्या ठेक्यावर दाबत बसले. नॉर्मल आले.

फिरती_लॅब
काका, तो ओरडणारा पोरगा मीच असू शकतो :) बरीच वर्षं हेच काम केलं. फुंकताना पूर्ण छाती भरून जोरात सोडायची आणि सहाएक सेकंद सोडत राहायचं, अशा निदान तीन नीट फुंका लागतात. आम्हाला एकीवर भागवायला सांगायचे, माणसं उरकायची असायची ना.
ताई, कानाच्या टेस्टआधी माणूस चौदाएक तास आवाजापासून लांब हवा. शिफ्टमधून उठवून आणला तर कान तात्पुरता बधिर असतो, कायमचं किती गेलंय ते कळत नाही. गोंगाटाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक तीक्ष्ण आवाजाचं, ऐकू येणं जातं. समोरासमोर बोलणं ऐकू येतं, म्हणून माणूस म्हणतो मला काय झालंय. आणि गेलेलं परत येत नाही.

मंजुळा
सासरे लूमवर होते. आमच्या घरातला टीव्ही खालच्या मजल्यावरचे बघतात, म्हणजे ऐकतात.

गिरणीवाल्याचा_नातू
आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. सोमवारी छाती आवळायची, मंगळवारी जरा बरं, शनिवारपर्यंत विसरायचे. पुन्हा सोमवार. आजीची खात्री की रविवारी पिऊन येतात. बिचारे थेंबाला शिवत नव्हते. बिसिनोसिस हे नाव मी कॉलेजात वाचलं. कापसाच्या धुळीने होतो, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास ही त्याची खूणच. १९८२ च्या गिरणी संपात घरी बसले ते कायमचे. तपासणी झालेली त्यांना तरी आठवत नव्हती.

मंजुळा
अरे देवा. आजीला सांगितलंस की नाही मग?

गिरणीवाल्याचा_नातू
सांगितलं. म्हणाली, "मग बोलले का नाहीत?"

सेफ्टीवाला_निवृत्त
थोडं कायद्याचं, कंटाळा आला तर पुढे जा. कारखाने अधिनियम १९४८ चा, पण भोपाळ झाल्यावर १९८७ साली त्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं. त्यातलं कलम ४१ सी: अशा कामावर लावण्याआधी तपासणी, काम चालू असताना बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि काम सुटल्यावरही. आरोग्याची नोंद कामगाराला बघायला मिळाली पाहिजे. ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. उगाच नाही, ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन नव्या श्रमसंहिता आल्या, कलमांचे नंबर बदलले. चाळिशीपुढच्यांना वर्षातून एकदा मोफत तपासणी हे त्यातलं नवीन.
माझं मत विचाराल तर मशीन, गाड्या, डॉक्टर सगळं होतं. घोडं अडायचं ते रिपोर्टवर. फाईल जाड होत जायची आणि कपाटात बसायची.

ठेक्यावरचा
हे सगळं परमनंटवाल्यांचं चाललंय. मेडिकलच्या दिवशी आम्हाला सुट्टी देतात. बिनपगारी.

सेफ्टीवाला_निवृत्त
ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कायद्याने कामगारच आहे.

ठेक्यावरचा
मग कायद्याला एक गेटपास द्या.

नाईटशिफ्टवाली
दादा, दंडवत.

बॅटरीवाल्यांची_सौ
दुसरी बाजू लिहिते. आमच्या ह्यांचं रक्तातलं शिसं वाढलेलं निघालं, तर पेस्टिंगमधून, म्हणजे बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचा लेप लावायच्या खात्यातून, काढून पॅकिंगला टाकलं. नियमाने बरोबरच. पण ओव्हरटाइम गेला आणि घरात रडारड. ते बघून खात्यातले बाकीचे टेस्टच्या आधी आठवडाभर रजा टाकायला लागले, आकडा उतरावा म्हणून. तसा उतरत नाही तो, शिसं हाडात जाऊन बसतं आणि तिथून हळूहळू रक्तात येत राहतं. पण हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? फिट निघायचीच घाई सगळ्यांना.
कंपनीच्या डॉक्टरबाईंनी मात्र मला बोलावून सांगितलं की कामाचे कपडे घरी आणू देऊ नका, लहान मूल आहे, त्याचंही रक्त तपासा. मुलाचं ठीक निघालं. त्या बाई पुढे टिकल्या नाहीत तिथे.

मंजुळा
आमच्याकडे पेंट शॉपला दूध द्यायचे, अजून देतात का? आणि धुळीवाल्यांना गूळ.

जुना_मोल्डर
गूळ आम्हालाही. पोरं मास्कपेक्षा गुळावर विश्वास ठेवायची.

फिरती_लॅब
गूळ जातो अन्ननलिकेतून, धूळ श्वासनलिकेतून. दोघांची गाठच पडत नाही. पण कंपनीला धूळ ओढणारा पंखा बसवण्यापेक्षा गूळ परवडतो.

नाईटशिफ्टवाली
जेवणाच्या सुट्टीत एचआरला मेल टाकला, माझा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या टेस्टचा आलेख, द्या म्हणून. उत्तर आलं, "कशासाठी हवा आहे?"

सेफ्टीवाला_निवृत्त
लिहा, कान माझे आहेत. आणि मागच्या सगळ्या वर्षांचे मागा. एकट्या वर्षाच्या आलेखाने काही कळत नाही, पहिल्या वर्षाशी ताडून बघायचा असतो.

बॅटरीवाल्यांची_सौ
मिळाला की फोटो काढून ठेवा. मूळ कागद देऊ नका कुणाला.

मंजुळा
सासऱ्यांचे कान आता तपासायचे तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात, होईल का? रिटायर होऊन बरीच वर्षं झाली.

सेफ्टीवाला_निवृत्त
विम्याखाली निदान पाच वर्षं नोकरी होऊन वयाने निवृत्त झाले असतील तर वर्षाला १२० रुपये भरून नवराबायको दोघांनाही उपचार मिळतात. नोकरीचा पुरावा आणि जुनं कार्ड लागेल.

मंजुळा
थांबा विचारते.
विचारलं, "दादा, ईएसआयचं कार्ड कुठंय?" म्हणाले, "हो, झालं जेवण."