मदत हवी आहे: फिशटँकचे डिमेबल एलईडी कंट्रोलरला जोडलेत, पण वीज परत आली की टँक एकदम लखलखतो

नमस्कार मंडळी,

घरी तीन फुटी प्लांटेड टँक आहे. ३६ × १८ × १८ इंच, म्हणजे साधारण १९० लिटर. मागे व्हॅलिसनेरिया आणि रोटाला, पुढे क्रिप्ट, लाकडावर जावा फर्न, आणि बारा रमीनोज टेट्रा. टँक खरं तर बाबांचा. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी खुर्ची ओढून ते तिथेच बसतात.

आधी साध्या टाइमरवर ट्यूब होती. रात्री खट्कन बंद झाली की रमीनोजचा अख्खा थवा काचेवर आपटायचा. ते बघवत नव्हतं. म्हणून ठरवलं की उजेड सावकाश चढेल आणि सावकाश उतरेल असं काहीतरी स्वतःच बांधायचं. सोल्डरिंग येतं, प्रोग्रामिंग बऱ्यापैकी येतं, इलेक्ट्रॉनिक्स मात्र शिकते आहे.

केलंय ते असं. तीन वॅटचे चोवीस एलईडी, बारा कूल व्हाइट आणि बारा वॉर्म व्हाइट, अल्युमिनियमच्या हीटसिंकवर. बारा-बाराची एक माळ, सगळे सिरीजमध्ये. प्रत्येक माळेला मीनवेल कंपनीचा एक एलडीडी-७००एच ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना ठरावीक करंट देणारा भाग. त्यांना ४८ व्होल्ट, १०० वॅटचा पॉवर सप्लाय. कंट्रोलर ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा प्रोग्रामेबल बोर्ड, तो मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालतो. त्याच्या १४ आणि २५ नंबरच्या पिनांमधून एकेक वायर काढून दोन ड्रायव्हरांच्या डिम पिनेला जोडली आहे. वेळ वायफायवरून घेतो.

अडचणी तीन आहेत.

एक, डिमिंग होतं पण मनाला येईल तसं. तीस टक्के सांगितलं तर कधी पूर्ण उजेड, कधी थरथर. डिमच्या वायरीला नुसता हात लावला तरी उजेड बदलतो.

दोन, कूलची माळ वॉर्मपेक्षा जास्त त्रास देते. कोड दोघींना एकच आहे.

तीन, आणि हे सगळ्यात वाईट. आमच्याकडे वीज जाते-येते. परवा रात्री दोनला वीज आली आणि टँक पूर्ण ताकदीने पेटला, दोन-तीन सेकंद तसाच, मग विझला. मासे आपटल्याच्या आवाजाने बाबा उठले. सकाळी एक रमीनोज टँकमागे जमिनीवर वाळलेला सापडला. तेव्हापासून रात्री झाकणावर ओझं ठेवते आणि सप्लायचा स्विच हाताने बंद करते. म्हणजे ऑटोमेशन असून नसल्यासारखंच.

ड्रायव्हर खराब असतील का? कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद १

ताई, मासा गेला त्याचं वाईट वाटलं.

एकच विचारतो. डिमची वायर ड्रायव्हरला गेली, तिच्या जोडीची परतीची वायर कुठे आहे? कंट्रोलरचा ग्राउंड कशाला जोडलाय?

प्रतिसाद २

मला तरी ड्रायव्हरच गेलेले वाटतात. एवढ्या भानगडीपेक्षा सप्लायच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर लावा आणि हाताने कमी-जास्त करा. आमच्या हॉलच्या दिव्यांना तसंच केलंय.

प्रतिसाद १

क्रमांक २, दादा, ते इथे करू नका आणि कोणाला सांगूही नका. पंख्याचे बरेच रेग्युलेटर २३० व्होल्टची लाट कापतात. एसएमपीएसला, म्हणजे ताईंच्या ४८ व्होल्ट सप्लायसारख्याला, तशी कापलेली लाट दिली की तो आपलं आउटपुट ४८ व्होल्टच ठेवायला झगडतो, तापतो आणि कधीतरी जातो. तुमच्या हॉलचे दिवे त्यासाठीच बनवलेले असतील, म्हणून चालतात.

धागाकर्ती

परतीची वायर नाहीच! मला वाटलं कंट्रोलर ५ व्होल्टचा, लाइट ४८ व्होल्टचे, तर दोन्ही जितके वेगळे तितकं बरं. म्हणून मुद्दाम ग्राउंड जोडला नाही.

प्रतिसाद १

तिथेच पहिली गाठ आहे. तुमचा कंट्रोलर म्हणतो, "मी ३.३ व्होल्ट देतोय." पण कशापासून ३.३? शेजारच्या दोन घरांची जोती वेगवेगळ्या उंचीची असली तर "जोत्यापासून तीन फूट" या बोलण्याला अर्थ राहत नाही. ड्रायव्हर व्होल्टेज मोजतो ते त्याच्या स्वतःच्या इनपुटच्या मायनसपासून. तुमचा कंट्रोलर दुसऱ्या चार्जरवर, त्याचा शून्य वेगळा. मग डिम पिन अधांतरी तरंगते आणि तुमच्या बोटाचा स्पर्शही तिला आदेश वाटतो.

कंट्रोलरच्या ग्राउंडपासून एक वायर ४८ व्होल्ट सप्लायच्या मायनसला जोडा. शक्यतो तिथे, जिथून ड्रायव्हरचा इनपुट मायनस निघतो. डिमची आणि ही वायर एकमेकींना पीळ देऊन न्या.

आता नीट ऐका, कारण यात अनेकांचे ड्रायव्हर गेलेत. एलईडीच्या माळेचा मायनस म्हणजे सप्लायचा मायनस नव्हे. एलडीडीमध्ये या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक असतो. ग्राउंड चुकून एलईडीच्या मायनसला लावलात तर ड्रायव्हर किंवा कंट्रोलर, कोणीही जाईल. वायरी जवळजवळ आणि एकाच काळ्या रंगाच्या असतात, म्हणून आधी लेबलं चिकटवा, मगच सप्लाय चालू करा.

आणि दोन चार्जर नकोत म्हणून ४८ वरूनच ५ व्होल्ट काढायचा मोह होईल. बाजारात मिळतं ते छोटं निळं एलएम२५९६ मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंतच चालतं. ४८ ला ते जळतं आणि जाताना ईएसपी३२ लाही घेऊन जातं. तुमचा मोबाइल चार्जर छान आहे, तोच ठेवा.

प्रतिसाद ३

वरचं पटलं. ते झाल्यावर कोडमध्ये पीडब्ल्यूएमची, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणाऱ्या सिग्नलची, फ्रीक्वेन्सी बघा. ईएसपी३२ ची उदाहरणं सगळीकडे ५००० हर्ट्झ आणि ८ बिटची फिरतात, लोक तीच उचलतात. या ड्रायव्हरला १०० ते १००० हर्ट्झच चालतात. ५००० ला तो एका ठोक्याला उत्तर देईपर्यंत पुढचा ठोका येऊन धडकतो.

धागाकर्ती

बरोबर ओळखलंत, ५००० आणि ८ बिटच आहे. रविवारी दोन्ही करून सांगते.

धागाकर्ती (रविवार रात्र)

मंडळी, खूप फरक पडला!

ग्राउंड जोडला. चारही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने नावं लिहिली, मल्टीमीटरने दोनदा तपासलं. थरथर गेली. वायरीला हात लावला तरी उजेड जागचा हलत नाही. मग फ्रीक्वेन्सी ५०० केली, बिट १२. आता तीस टक्के म्हटलं की तीसच.

सूर्योदय अर्ध्या तासाचा ठेवलाय. पण एक खुपतं. पहिली मिनिटभर काहीच दिसत नाही, मग एकदम उजेड उमटतो, आणि दहा मिनिटांत टँक पूर्ण उजळल्यासारखा वाटतो. उरलेली वीस मिनिटं काही बदलतंय हे कळतच नाही.

कूलची माळ वीज आल्यावर अजून जास्त वेळ चमकते. आणि रात्रीचा लखलखाट आहे तसाच.

प्रतिसाद ३

सूर्योदयाचं आधी. डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही. अंधारातला एक टक्का खूप वाटतो, उजेडातले दहा टक्के जाणवत नाहीत. म्हणून वेळेचा अंश घ्या आणि त्याचा वर्ग करा. अर्धा वेळ झाला की पन्नास टक्के नाही, पंचवीस टक्के. त्रास देणारी पहिली दहा मिनिटं आपोआप पसरतात. १२ बिटमुळे तुमच्याकडे ४०९६ पायऱ्या आहेत, त्यामुळे खालच्या टोकाला टप्पे दिसणार नाहीत. ८ बिटला असत्या २५६, तिथे पायरी पायरी दिसली असती.

सुरुवातीला काहीच न दिसण्याचं कारण वेगळं. ५०० हर्ट्झला एक टक्का म्हणजे जेमतेम २० मायक्रोसेकंदांचा ठोका. ड्रायव्हरला करंट उभा करायलाही वेळ लागतो. २०० हर्ट्झ करून बघा, तोच एक टक्का ५० मायक्रोसेकंदांचा होईल आणि पहाट लवकर दिसू लागेल. मोबाइलने व्हिडिओ काढलात तर पट्टे येतील.

प्रतिसाद ४

मी मुंबईचा. समुद्री टँक आहे, त्यामुळे माझे ड्रायव्हर वेगळे, शून्य ते दहा व्होल्टवाले. पण तुमच्या रात्रीच्या लखलखाटातून मीही गेलोय, म्हणून लिहितो.

आपण सगळे असं धरून चालतो की कंट्रोलर गप्प असला म्हणजे लाइट बंद. ड्रायव्हर नेमकं उलटं समजतो. डिमची तार मोकळी असली तर तो पूर्ण उजेड देतो, कारण ज्याला डिमिंग नकोच आहे त्याने ती पिन तशीच सोडावी असा हिशोब असतो. तुमच्या एलडीडीला २.५ व्होल्टच्या वर किंवा मोकळी तार म्हणजे चालू, ०.८ च्या खाली म्हणजे बंद. माझ्या मीनवेल एचएलजीच्या बी प्रकारातही डिमची तार निसटली की शंभर टक्के.

आता वीज आल्यावर काय होतं ते बघा. ४८ व्होल्ट लगेच उभे राहतात. ईएसपी३२ मात्र जागा होतोय, त्याच्या पिना अजून कोणाच्याच ताब्यात नाहीत. ती दोन-तीन सेकंदं ड्रायव्हरला मोकळी तार दिसते.

उपाय दोन रुपयांचा आहे. प्रत्येक ड्रायव्हरच्या डिम पिन आणि इनपुट मायनसमध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर, अगदी ड्रायव्हरजवळ. कंट्रोलरच्या टोकाला लावलात तर मधली वायर निसटल्यावर त्याचा उपयोग नाही. मग कंट्रोलरच्या दोन्ही वायरी काढून सप्लाय चालू करा. टँक काळोखात राहिला पाहिजे. उजेड आला तर डिमवर व्होल्टेज मोजा, ०.८ च्या वर असेल तर ४.७ किलोओहम लावा.

आणि कूलची माळ कोणत्या पिनेवर आहे? १४ वर असेल तर तिथे उत्तर मिळालं. १४, १५ आणि ५ या पिना ईएसपी३२ जागा होताना स्वतःहून सिग्नल बाहेर टाकतात. रेझिस्टर त्यांना अडवू शकत नाही. दोन्ही माळा २५ आणि २६ वर घ्या. ३४ ते ३९ घेऊ नका, त्या फक्त इनपुटच्या आहेत.

प्रतिसाद ५

वायरिंगचे फोटो नाहीत म्हणून एक काळजीचं विचारते. ४८ व्होल्टचा सप्लाय कुठे ठेवलाय? झाकणावर नको. टँकपासून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. हीटसिंकला अर्थिंग द्या आणि त्या सॉकेटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. बाबा टँकमध्ये हात घालत असतील ना?

धागाकर्ती

घालतात, रोज. सप्लाय झाकणावरच होता, ताई. आजच भिंतीवर वर बसवला, वायरींना वळसा दिला. हीटसिंकची अर्थिंग राहिली होती, तीही केली. इलेक्ट्रिशियनला आरसीसीबीसाठी बोलावलंय.

धागाकर्ती (बुधवार)

काल संध्याकाळी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन रेझिस्टर आणले. दोन्ही ड्रायव्हरांच्या पायांनाच सोल्डर केले, वर हीटश्रिंक चढवलं. कूलची माळ १४ वरून २६ वर घेतली.

मग क्रमांक ४ दादांनी सांगितलेली परीक्षा. बाबांना टँकसमोर बसवलं, खोलीतले दिवे बंद केले, कंट्रोलरच्या दोन्ही वायरी उपटल्या आणि सप्लायचा स्विच दाबला. काही नाही. सप्लायचा छोटा हिरवा दिवा तेवढा लागला. फिल्टरच्या पाण्याचा आवाज येत होता. मग मीटर लावला, दोन्ही डिम पिना ०.८ च्या बऱ्याच खाली.

नंतर वायरी परत जोडून मेन स्विच पाचदा पाडला आणि उचलला. पाचही वेळा अंधार तसाच, मग कंट्रोलर जागा झाला आणि त्याने रात्र आहे हे बघून लाइट बंदच ठेवले. बाबा पूर्ण वेळ माशांकडे बघत होते. म्हणाले, "हलले पण नाहीत गं." झाकणावरचं ओझं आज काढलं.

वर्गाचं गणितही घातलं, फ्रीक्वेन्सी २०० केली. आता सूर्यास्ताला रमीनोज आपापले लाकडाच्या सावलीत जाऊन थांबतात, मग उजेड जातो. इतके दिवस ते काचेवर आपटायचे ते त्यांना तेवढा वेळच मिळत नव्हता म्हणून, हे डोळ्यांनी बघितलं.

एक शेवटचं. वीज येते तेव्हा राउटरला उठायला तीन-चार मिनिटं लागतात. तोवर कंट्रोलरकडे वेळ नसते आणि तो स्वतःला १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचला समजतो. माझा सूर्योदय दहाचा आहे म्हणून रात्री काही बिघडत नाही. पण दुपारी वीज आली तर भर उजेडात टँक काळा राहतो आणि वेळ मिळाली की एकदम पूर्ण पेटतो. वीज नसतानाही सेलवर वेळ राखणारं डीएस३२३१ घड्याळ बसवायचं म्हणते. त्याच्या तारा २१ आणि २२ वर ना?

प्रतिसाद ३

हो. एसडीए २१, एससीएल २२. मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवा, ५ वर नको. त्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, आणि आपण घालतो ती साधी सीआर२०३२ चार्ज करायची नसते. ३.३ वर ठेवलं की तो प्रश्न येत नाही.

आणि कोडमध्ये एक ओळ घाला: कंट्रोलर जागा झाल्यावर उजेड जिथे असायला हवा तिथे थेट उडी नको, शून्यापासून पाच मिनिटांत चढू दे. दुपारीसुद्धा.

धागाकर्ती

पाचच्या जागी दहा मिनिटं घातली. बाबांनी सांगितलं तसं.